बी-प्लॅन स्पर्धेचा रिपोर्ट पाठवताय? मग आधी फॉरमॅटचे नियम बघा

बी-प्लॅन म्हणजे बिझनेस प्लॅनच्या स्पर्धेत रिपोर्ट पहिल्याच फेरीत बाहेर पडला की मुलं म्हणतात आयडियाच कमी पडली, आणि कित्येकदा आयडियात काहीच खोट नसते. नियमात २० पानं लिहिलेली असतात आणि रिपोर्ट २२ पानांचा गेलेला असतो, किंवा मुखपृष्ठावर कॉलेजचं नाव टाकू नका म्हटलेलं असतं आणि तिथे कॉलेजचा भलामोठा लोगो असतो, किंवा सह्यांचा कागदच जोडायचा राहिलेला असतो. मजकूर वाचायला घ्यायच्या आधीच हे मार्क गेलेले असतात. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण नाशिकच्या मुलांकडे विषय दमदार असतात. कांदा चाळीत होणारी नासाडी, द्राक्षाचा बेदाणा, येवल्याची पैठणी ऑनलाइन विकणं, सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपचं जॉबवर्क, हे सगळं त्यांनी घरात किंवा शेजारी बघितलेलं असतं, दुसऱ्या शहरातल्या टीमला ते गुगल करून पण मिळणार नाही. आणि मार्क जातात कुठे तर मार्जिनमध्ये. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुम्ही बीकॉमला असा, बीबीएला, एमबीएला नाही तर इंजिनिअरिंगला, आणि स्पर्धा आयआयटी मुंबईच्या ई-सेलची, म्हणजे तिथल्या मुलांच्या उद्योजकता मंडळाची, युरेका असो, कॉलेज फेस्टमधली असो नाही तर डेकासारख्या परदेशी संस्थेची असो, काम करायची पद्धत हीच.

मजकुराला किती मार्क मिळतील ते परीक्षक ठरवणार, त्यावर तुमचा कंट्रोल नाही. फॉरमॅटचे मार्क मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहेत, तिथे एकही मार्क जायचं कारण नाही. आणि हे नियम उगाच छळायला केलेले नसतात. एकाच परीक्षकाला ढीगभर रिपोर्ट वाचायचे असतात, त्यात एका टीमने १० साइजमध्ये ठासून लिहिलं आणि दुसरीने १२ मध्ये मोकळं लिहिलं तर पानं सारखीच, पण पहिल्या टीमला बोलायला जास्त जागा मिळाली ना. सगळ्यांना सारखी जागा मिळावी म्हणून पानांची मर्यादा, फॉन्ट, मार्जिन हे सगळं ठरवून दिलेलं असतं. डेका ही अमेरिकेतली विद्यार्थ्यांची संस्था, १९४६ पासूनची, मार्केटिंग, फायनान्स, हॉस्पिटॅलिटी अशा विषयांत स्पर्धा घेते, तिच्या लेखी रिपोर्टसाठी तर चक्क पेनल्टी पॉइंटची वेगळी चेकलिस्ट असते. मजकुराचे मार्क वेगळे द्यायचे आणि पानं जास्त, नंबर चुकले, सहीचं डिक्लेरेशन नाही ह्याचे मार्क वेगळे कापायचे. आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धांत अशी चेकलिस्ट छापून देत नाहीत, पण परीक्षक किंवा स्क्रीनिंग करणारी मुलं आधी हेच बघतात कारण हे बघायला सोपं असतं.

नियम वाचायचे कसे

पहिलं म्हणजे ह्याच वर्षीची नियमपुस्तिका मिळवा. सीनियरने व्हॉट्सॲपवर पाठवलेली गेल्या वर्षीची पीडीएफ वापरू नका, सीनियर कितीही चांगला असला तरी. नियम दरवर्षी थोडे थोडे बदलतात, पानं कमी होतात, एखादा सेक्शन वाढतो, पूर्वी प्रिंट द्यायची असते ती आता अपलोड करायची असते. स्पर्धेच्या साइटवरून स्वतः डाउनलोड करा आणि त्यावर वर्ष लिहिलंय का बघा. सीनियरचा जिंकलेला रिपोर्ट बघायला हरकत नाही, लिहायची पद्धत कळते, पण त्याचा फॉरमॅट उचलू नका.

मग ती पुस्तिका प्रिंट करा. मोबाइलवर वाचली की डोळ्याखालून नुसती सरकते. पेन घ्या आणि "मस्ट", "शॅल", "नॉट ॲक्सेप्टेड", "इन्क्लुडिंग", "एक्स्क्लुडिंग" हे शब्द जिथे जिथे असतील तिथे रेघ मारा. सगळ्यात जास्त गोंधळ ह्या शेवटच्या दोन शब्दांत होतो. २० पानं म्हणजे काय धरून २० पानं? मुखपृष्ठ धरून की सोडून? अनुक्रमणिका धरायची का? परिशिष्ट धरायचं का? डेकात मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका मोजत नाहीत पण परिशिष्टाची पानं मोजतात, म्हणजे मागे सर्व्हेचा फॉर्म आणि फोटो लावले की तेवढी पानं तुमच्या मजकुरातून गेली. दुसऱ्या स्पर्धेत परिशिष्ट मोजत नसतील. हे लिहायला बसायच्या आधी माहीत पाहिजे, नाही तर शेवटच्या रात्री चार पानं कापायची वेळ येते.

रेघा मारून झाल्या की एका कोऱ्या कागदावर सगळे नियम आपल्या भाषेत उतरवून काढा. कागदाचा साइज, मार्जिन, फॉन्ट आणि त्याचा साइज, ओळींमधलं अंतर, पानांची मर्यादा आणि त्यात काय धरतात, पान नंबर कुठून सुरू, मुखपृष्ठावर काय हवं आणि काय नको, सेक्शनचा क्रम, संदर्भ कसे द्यायचे, फाइलचं नाव, फाइलचा प्रकार, किती एमबी, सह्या कोणाच्या, आणि शेवटची तारीख वेळेसकट. हा एक कागद टीममधल्या प्रत्येकाकडे पाहिजे, ग्रुपवर पिन करून ठेवा. ज्या ओळीपुढे नियम सापडत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका. समजा फॉन्टबद्दल काहीच सांगितलेलं नाही, तर साधा वाचनीय फॉन्ट १२ साइजमध्ये घ्या आणि विषय सोडा. पण पुस्तिकेत एक आणि साइटवर दुसरं असं असेल तर अंदाज बांधू नका, आयोजकांना सरळ मेल करा. फोनवर विचारू नका, विचारलं तर नंतर मेलवर पक्कं करून घ्या, कारण पुढे वाद झाला तर दाखवायला काहीतरी लेखी लागतं. आणि मेल वेळेवर करा, डेडलाइनच्या आदल्या दिवशी त्यांना असे शेकड्याने मेल येत असतात.

आधी फाइल तयार करा, मग लिहा

हे माझं अगदी ठाम मत आहे. बहुतेक टीम आधी गुगल डॉक्समध्ये चौघं मिळून लिहितात, कोणाचा फॉन्ट कुठला, कोणी वेबसाइटवरून कॉपी करून टाकलेलं, आणि शेवटी एकजण बसून सगळं नीट करतो. तो एकजण पहाटेपर्यंत जागतो आणि तेव्हा कळतं की १८ पानं वाटत होती ती फॉन्ट आणि अंतर नियमाप्रमाणे केल्यावर २४ झाली. त्यापेक्षा एक कोरी फाइल घ्या, तिच्यात कागद, मार्जिन, फॉन्ट, हेडिंगच्या स्टाइल, पान नंबर सगळं नियमाप्रमाणे लावा, नियमात दिलेली सेक्शनची नावं त्याच क्रमाने टाका, आणि मग टीमला द्या. लिहिताना रोजच्या रोज कळत राहतं की आपण किती पानांवर आहोत.

कागदाच्या साइजकडे आपलं कधीच लक्ष जात नाही कारण आपल्याकडे सगळीकडे ए-फोर. पण अमेरिकन स्पर्धा असेल तर तिथे लेटर साइज मागतात. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर, लेटर साधारण २१६ बाय २७९, म्हणजे लेटर जरासा रुंद पण १८ मिलिमीटरने बुटका. चारी बाजूंनी एक इंच मार्जिन सोडलं तर मजकुराला मिळणारी जागा ए-फोरपेक्षा जवळजवळ ४ टक्क्यांनी कमी होते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ए-फोरवर काठोकाठ २० पानं भरलेला रिपोर्ट लेटरवर नेला की २१ व्या पानावर जातोच, आणि तो एका पानाचा दंड अगदी फुकटचा. वर्डमध्ये लेआउट, मग साइज, तिथे लेटर निवडायचं, हे सगळ्यात पहिलं काम.

मार्जिन एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, वर्डमध्ये नॉर्मल नावाचा पर्याय तोच आहे. काही कॉलेजं बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच मागतात, तसं लिहिलं असेल तरच करा.

आता ओळींमधलं अंतर, हे जरा नीट समजून घ्या कारण इथे वर्ड स्वतःच्या मनाने काहीतरी लावून ठेवतं. वर्डच्या बऱ्याच व्हर्जनमध्ये नवीन फाइल उघडली की फॉन्ट कॅलिब्री ११, ओळींचं अंतर १.०८ आणि प्रत्येक पॅरानंतर ८ पॉइंटची मोकळी जागा असते, अगदी नवीन व्हर्जनमध्ये कॅलिब्रीच्या जागी ॲप्टोस आलाय, आणि गुगल डॉक्समध्ये एरियल ११ आणि अंतर १.१५. म्हणजे नियमात सिंगल स्पेस लिहिलंय आणि तुम्ही काहीच केलं नाही तर तुमचा रिपोर्ट सिंगल नाहीच. पॅरानंतरचे ते ८ पॉइंट तर कोणाच्या लक्षातच येत नाहीत. पानावर पाच पॅरा धरले तर ४० पॉइंट, म्हणजे १२ साइजच्या जवळजवळ तीन ओळी, २० पानांत ६० च्या आसपास ओळी, म्हणजे एका पानापेक्षा जास्त जागा नुसती रिकामी गेली. सगळं सिलेक्ट करून पॅराग्राफच्या खिडकीत जायचं, बिफोर शून्य, आफ्टर शून्य, लाइन स्पेसिंग सिंगल किंवा डबल जे सांगितलं असेल ते. पॅरा वेगळा दिसावा म्हणून पहिली ओळ अर्धा इंच आत घ्या, त्यासाठी स्पेसबार दाबत बसू नका, त्याच खिडकीत फर्स्ट लाइन म्हणून पर्याय आहे.

आणि डबल स्पेस मागितलेली असताना लाइन स्पेसिंगमध्ये एक्झॅक्टली लावून २० पॉइंट करणं, फॉन्ट ११.५ करणं, मार्जिन पाव इंचाने खाणं, असले प्रकार करू नका. रोज असे रिपोर्ट बघणाऱ्या माणसाला पान बघूनच कळतं, आणि एकदा का त्याला वाटलं की ही टीम लबाडी करतेय की पुढच्या आकड्यांवर पण त्याचा विश्वास बसत नाही. आकड्यांवरच तर सगळा बिझनेस प्लॅन उभा असतो.

हेडिंगला ठळक करून साइज वाढवू नका, हेडिंग वन, हेडिंग टू ह्या स्टाइल वापरा आणि त्या स्टाइलमध्येच फॉन्ट बदलून ठेवा. असं केलं की वर्डच्या रेफरन्सेस टॅबमधून अनुक्रमणिका आपोआप तयार होते, मजकूर हलला की त्यावर क्लिक करून एफ-नाइन दाबायचं, पान नंबर बरोबर होतात. हाताने टिंब टिंब टाकून केलेली अनुक्रमणिका शेवटी हमखास चुकते. सेक्शनची नावं नियमात दिली असतील तर शब्दशः तीच ठेवा. एक्झिक्युटिव्ह समरी म्हटलंय तर तिथे "आमचं स्वप्न" लिहू नका. परीक्षकाच्या हातात मार्कांचा कागद असतो आणि त्यावर तेच शब्द असतात, तो ते शोधत येतो, सापडलं की मार्क देतो. तुमची कल्पकता पोटहेडिंगमध्ये दाखवा, तिथे बहुतेक ठिकाणी मोकळीक असते.

पान नंबर

ह्यावर मुलं सगळ्यात जास्त अडकतात म्हणून स्टेपने सांगतो. मुखपृष्ठावर नंबर नको, अनुक्रमणिकेवर नको आणि एक्झिक्युटिव्ह समरीवर १, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, डेकात असाच आहे. अनुक्रमणिकेच्या शेवटच्या ओळीनंतर कर्सर ठेवा, लेआउट, ब्रेक्स, आणि तिथे सेक्शन ब्रेकच्या खाली नेक्स्ट पेज. साधा पेज ब्रेक नाही, कंट्रोल-एंटरने जो येतो तो चालणार नाही, कारण त्याने सेक्शन बदलत नाही. आता एक्झिक्युटिव्ह समरीच्या पानावर खाली फूटरमध्ये डबल क्लिक करा, वर लिंक टू प्रीव्हियस म्हणून बटण दिसेल ते बंद करा. हे बंद केलं नाही तर इथे टाकलेला नंबर मागच्या पानांवर पण जातो आणि इथला काढला की तिथला पण जातो, आणि मुलं तासभर डोकं धरून बसतात. ते बंद झालं की पेज नंबर टाका, मग फॉरमॅट पेज नंबर्समध्ये जाऊन स्टार्ट ॲटपुढे १ लिहा. नंतर मागे जाऊन बघा, पहिल्या दोन पानांवर काही आलं असेल तर फक्त तिथलं पुसा.

मध्येच एखादं टेबल आडव्या पानावर हवं असेल तर त्याच्या आधी आणि नंतर असे दोन सेक्शन ब्रेक लागतात, आणि तिथे पुन्हा नंबर १ पासून सुरू होत नाही ना ते बघा. कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन निवडलेलं असलं की झालं. शेवटच्या पानापर्यंत, परिशिष्टासकट, नंबर सलग आहेत का हे डोळ्याने मोजा.

पानं जास्त झाली तर काय कापायचं

फॉन्टला हात लावायचा नाही म्हटल्यावर मजकूरच कापायला लागणार, आणि खरं सांगतो, कापल्याने रिपोर्ट सुधारतोच. सगळ्यात आधी ओळख कापा. कांदा साठवणुकीवर रिपोर्ट असेल तर नाशिक जिल्हा गोदावरीच्या काठी वसलेला, इथे कुंभमेळा भरतो, लासलगाव कांद्याची मोठी बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध, अशी अर्धा-पाऊण पान प्रस्तावना हमखास असते. कुंभमेळ्याचा तुमच्या चाळीशी काही संबंध नाही. लासलगावचं एक वाक्य ठेवा आणि थेट प्रश्नावर या, चाळीत ठेवलेल्या कांद्याला कोंब येतात, तो सडतो, वजन घटतं, त्यात शेतकऱ्याचे किती पैसे जातात आणि तुम्ही त्यातले किती वाचवणार.

दुसरं, मार्केटिंगची पुस्तकी व्याख्या. स्वॉट म्हणजे काय, फोर पी म्हणजे काय हे परीक्षकाला शिकवायची गरज नाही, तुमचं स्वॉट दाखवा. तिसरं, जे टेबलमध्ये आहे तेच परत खाली पॅरात लिहिलेलं असतं. टेबलखाली एकच वाक्य पाहिजे, ह्या आकड्यांतून काय निघतं ते. चौथं, सर्व्हेचे सगळे १५ पाय चार्ट. तीन ठेवा, ज्यांच्यावर तुमचा निर्णय उभा आहे ते, बाकीचे परिशिष्टात जागा असली तर टाका नाही तर सोडून द्या. एवढं केलं की दोन-तीन पानं आरामात मोकळी होतात.

पान संपता संपता एकटं हेडिंग खाली राहिलंय आणि मजकूर पुढच्या पानावर गेलाय असं दिसलं तर हेडिंगच्या पॅराग्राफ सेटिंगमध्ये कीप विथ नेक्स्ट लावा. एंटर दाबून दाबून खाली ढकलू नका, वरती एक ओळ वाढली की सगळं विस्कटतं.

आकडे, टेबल, चार्ट

लाख-कोटी की मिलियन, एक काहीतरी ठरवा आणि पूर्ण रिपोर्टभर तेच ठेवा. भारतातली स्पर्धा असेल तर १०,००,००० असा स्वल्पविराम, परदेशी असेल तर १,०००,००० असा. एका टेबलमध्ये लाख आणि दुसऱ्यात पूर्ण रुपये असं झालं की वाचणाऱ्याचा गोंधळ होतो आणि तुमच्या हिशोबावर शंका येते. रुपयाचं चिन्ह ₹ हेच वापरा, ते २०१० पासून अधिकृत आहे, आरएस लिहायची आता गरज नाही, फक्त पीडीएफ केल्यावर त्याच्या जागी चौकोन येत नाही ना बघा.

टेबलचा नंबर आणि नाव वर, चित्राचं खाली, ही सर्वसाधारण पद्धत, पण तुमच्या नियमात उलटं असेल तर नियम खरा. प्रत्येक टेबलखाली आकडे कुठून घेतले ती ओळ पाहिजेच. स्वतः सर्व्हे केला असेल तर कधी, कुठे, किती लोकांचा ते लिहा. चार्ट रंगीत केला असेल तर एकदा काळ्या-पांढऱ्यात प्रिंट काढून बघा, लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे दिसतात आणि मग कुठला बार कोणाचा ते कळत नाही. बारवरच नाव लिहिलं की प्रश्न मिटतो.

संदर्भ कसे द्यायचे ते नियमात असतं, बहुतेक वेळा एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ द्यायची पद्धत, त्याची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली, जुन्या आवृत्तीचे नमुने नेटवर अजून फिरतात तेव्हा बघून घ्या. यादीत पहिली ओळ बाहेर आणि पुढच्या ओळी अर्धा इंच आत, वर्डमध्ये कंट्रोल-टी दाबलं की होतं. बाजारभाव ॲगमार्कनेट ह्या सरकारी साइटवरून घेतले असतील तर कुठल्या बाजाराचे आणि कुठल्या तारखेचे ते लिहा, जिल्ह्याचे आकडे हवे असतील तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन असतं, ते एखाद्या न्यूज साइटपेक्षा कधीही चांगलं. पिंपळगावच्या एखाद्या व्यापारी काकांशी बोलून माहिती घेतली असेल तर तीही दाखवता येते, एपीएत अशी मुलाखत मजकुरातच कंसात नाव आणि तारीख देऊन लिहितात, शेवटच्या यादीत टाकत नाहीत. काकांची परवानगी मात्र घ्या, त्यांना कदाचित नाव द्यायचं नसेल.

मराठीत रिपोर्ट असेल तर

काही स्पर्धांत, विशेषतः विद्यापीठ पातळीवर, मराठी चालतं, आणि ज्याला मराठीत नीट मांडता येतं त्याने जरूर मराठीत लिहावं. फक्त युनिकोडमध्ये लिहा. श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की सगळी अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये कोकिळा, मंगल, निर्मला, मुक्ता, नोटो सान्स देवनागरी असे बरेच फॉन्ट आहेत. वर्डमध्ये एक अडचण येते ती म्हणजे फॉन्टच्या खिडकीत लॅटिन टेक्स्ट आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असे दोन वेगळे कप्पे असतात, देवनागरी अक्षरं दुसऱ्या कप्प्याचं ऐकतात. तुम्ही वर १२ केलं आणि मराठी अक्षरं ११ च राहिली असं होऊ शकतं, म्हणून दोन्हीकडे तोच साइज लावा. शिवाय एकाच साइजला कोकिळा बारीक दिसतो आणि मंगल मोठा, मंगलमध्ये ओळींचं अंतर पण जास्त पडतं, त्यामुळे फॉन्ट पहिल्याच दिवशी ठरवा, शेवटी बदलला तर पानांचा हिशोब कोसळतो.

पीडीएफ, प्रिंट आणि अपलोड

वर्डची फाइल मागितली नसेल तर पीडीएफच पाठवा. पीडीएफ केल्यावर ॲडोब रीडरमध्ये उघडा, फाइल, प्रॉपर्टीज, तिथे पेज साइज दिसतो, लेटर मागितलं असेल तर साडेआठ बाय अकरा इंच दिसलं पाहिजे. शेजारी फॉन्ट्सच्या टॅबमध्ये प्रत्येक फॉन्टपुढे एम्बेडेड, म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच बसवलेला आहे, असं लिहिलंय का बघा. आणि सह्यांचा कागद मोबाइलच्या स्कॅनर ॲपने काढून जोडला असेल तर ते पान वेगळ्याच साइजचं आणि आडवं-तिडवं असतं, तेही नीट करून घ्या. सह्यांची सोय आधीच करा, सर-मॅडम परीक्षेच्या ड्युटीवर गेलेले असतात, टीममधला एकजण गावाला मनमाडला नाही तर कळवणला गेलेला असतो, आणि एका सहीसाठी सगळं अडतं.

नाव-कॉलेज लपवून परीक्षण असेल तर मुखपृष्ठावरून नाव काढणं पुरेसं नाही. फूटरमध्ये, फोटोतल्या टी-शर्टवर, सर्व्हेच्या फॉर्मवर, आभारात कॉलेजचं नाव राहून जातं. वर्डच्या फाइलमध्ये ऑथर म्हणून ज्याचा लॅपटॉप त्याचं नाव बसलेलं असतं, फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट असं जाऊन ते काढा आणि मगच पीडीएफ करा. फाइलचं नाव जसं सांगितलंय तसंच द्या, टीम कोड आणि अंडरस्कोर म्हटलंय तर "फायनल फायनल नवीन २" चालणार नाही. साइज जास्त झाली तर फोटोवर क्लिक करून कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये १५० पीपीआय करा, प्रिंटलाही बरा दिसतो आणि फाइल बरीच हलकी होते.

प्रिंट द्यायची असेल तर झेरॉक्सवाल्या दादांना एकच सांगा, ॲक्च्युअल साइज ठेवा, फिट टू पेज नको. लेटरची पीडीएफ ए-फोरवर फिट केली की सगळं साधारण ९७ टक्के होतं, १२ चा फॉन्ट ११.७ होतो आणि मार्जिन पण हलतं. लेटर साइजचा कागद आपल्याकडे सहज मिळत नाही, तो हवाच असेल तर आठवडाभर आधी शोधायला लागा. एका बाजूला की दोन्ही बाजूंना, स्पायरल चालेल की नुसती फाइल, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये पानं चालतात का, हेही नियमात बघा, डेकाच्या प्रिंटच्या दिवसांत तशी कव्हरं लावली तरी मार्क कापले जायचे.

वेळेचं नीट समजून घ्या. परदेशी स्पर्धेत रात्री ११:५९ ईस्टर्न टाइम, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व भागातली वेळ, लिहिलेलं असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९, आणि उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ एक तास पुढे गेलं की ९:२९. हे मोबाइलच्या वर्ल्ड क्लॉकमध्ये टाकून खात्री करा आणि टीमला मात्र आदल्या संध्याकाळची वेळ सांगा. गुगल फॉर्मवर फाइल टाकायची असेल तर गुगल अकाउंटने लॉगिन लागतं, कॉलेजच्या मेलवरून बाहेरच्या फॉर्मला फाइल जात नाही असं कधी कधी होतं, तर ते दोन दिवस आधीच उघडून बघा.

पाठवायच्या आधी शेवटची तपासणी टीमबाहेरच्या माणसाकडून करून घ्या, ताई, दादा, वर्गमैत्रीण कोणीही, ज्याने रिपोर्ट वाचलेला नाही. त्याला मजकूर वाचायला सांगू नका, फक्त तो नियमांचा कागद हातात द्या आणि प्रत्येक ओळीपुढे टिक करायला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे. लिहिणाऱ्याला आपलं पान इतकं पाठ झालेलं असतं की पान नंबर ७ नंतर ९ आलाय हे दिसतच नाही. टिक झाल्या की अपलोड करा, पोचल्याचा मेल आला का बघा, स्क्रीनशॉट काढा, आणि साइटवरून परत डाउनलोड करता येत असेल तर ती फाइल दुसऱ्या मोबाइलवर उघडून शेवटच्या पानापर्यंत स्क्रोल करा, अर्धवट अपलोड झालेली फाइल तिथेच लक्षात येते आणि वेळ शिल्लक असेल तर परत टाकता येते.